वाईचे रस्ते आणि माझे हिशेब

वाई ते पाचगणी हे अंतर १२ किलोमीटरच्या आसपास आहे. सपाटीवर एवढं अंतर मी सव्वा तासाच्या आत पळतो. म्हणून पसरणी घाटाचा मार्ग पहिल्यांदा आखला तेव्हा चढाची म्हणून वर पंधरा मिनिटं धरली आणि सगळ्यांना कळवून टाकलं, साडेपाचला वाईतून निघायचं, सातला पाचगणीत चहा. आमच्यातला पहिला माणूस वर पोचला तेव्हा साडेसात वाजून गेले होते, आणि तो माणूस मी नव्हतो. शेवटचे दोघं दांडेघरच्या अलीकडे कठड्यावर बसून राहिले आणि एसटीने वर आले. कंडक्टरने त्यांना विचारलं म्हणे, "गाडी बंद पडली का?"

नंतर कागद घेऊन बसलो तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. वाई समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या थोडी वर, पाचगणी १३०० च्या जवळपास. म्हणजे सहाशेच्या घरातली चढण. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली डोंगरात चालणाऱ्यांसाठी एक साधा आडाखा सांगून ठेवला आहे. दर ३ मैलांना एक तास, आणि दर २००० फूट चढणीला वर आणखी एक तास. २००० फूट म्हणजे ६०० मीटरच की. चालणाऱ्याने ज्या चढणीपायी तासभर जास्तीचा धरायचा, तिथे मी पळणाऱ्यांसाठी पंधरा मिनिटं धरून मोकळा झालो होतो. पळणाऱ्याला डोंगर काही सवलत देत नाही. पाच टक्के चढावर पळताना सपाटीपेक्षा साधारण तीस टक्के जास्त ऊर्जा लागते आणि दहा टक्क्यांवर ती दीडपटीच्याही वर जाते. हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही, कुठेतरी वाचलेलं होतं. पण फोनवर सरासरी चढ पाच टक्के दिसत होता आणि पाच हा आकडा दिसायला गरीब असतो. त्या सरासरीत वाईपासून पसरणी गावापर्यंतचा बराचसा सपाट रस्ता जमेला धरलेला आहे, हे पाहायचं राहून गेलं. पसरणी मागे पडलं, शाहीर साबळ्यांचं गाव ते हेच, असं कुणालातरी मोठ्या उत्साहाने सांगून झालं, आणि पहिल्या वळणानंतर माझं बोलणं थांबलं. पाचगणीपर्यंत मग मी काहीच सांगितलं नाही.

आम्ही पुण्यातली पळणारी मंडळी. वयं पस्तिशीपासून पंचावन्नपर्यंत, गुडघे सगळ्यांचेच थोडेफार कुरकुरणारे. महिन्यातून एखादा रविवार शहराबाहेर काढायचा असा बेत ठरला. वाई माझं आजोळ, शनिवारी रात्री मामाच्या घरी दोघा-चौघांची पथारी पडायची सोय, त्यामुळे तिकडचे मार्ग आखायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. मीही ते मोठ्या तोऱ्यात घेतलं. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्ट्या गणपतीच्या घाटावर काढल्या म्हणजे या खोऱ्यातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज होता. प्रत्यक्षात मला वाईतली आइस्क्रीमची दुकानं कळत होती.

पसरणी घाटातली त्या दिवशीची दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी होती, पण ती मंगळवारी उघडकीला आली. वर जायला एवढा उशीर झाल्यावर मी म्हणालो, उतरताना भरून काढू. लोकांनी ऐकलं. उतरणीला दम लागत नाही, त्यामुळे आपण फार छान पळतोय असं वाटत राहतं. आत मात्र प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच सगळ्या अंगाचा भार अडवत असतो आणि त्याच्या तंतूंना बारीक बारीक इजा होत जाते. ठणका उठतो तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. ज्याला उतरणीची सवय नाही त्याने आधी छोट्या उतारावर, थोडं थोडं करून मांड्या तयार करायच्या असतात. मी सवय नसलेल्या माणसांना अख्खा घाट एका दमात उतरवला. मंगळवारी एकाने जिना उलट्या तोंडाने उतरत असल्याचा फोटो पाठवला. आमच्यातल्या एक बाई शिक्षिका आहेत. त्यांनी तो आठवडा खुर्चीत बसून शिकवलं आणि मला रोज संध्याकाळी एक मेसेज पाठवला. त्यात फक्त त्या दिवशी मुलांनी काय विचारलं तेवढंच असायचं.

घड्याळाचंही सांगून टाकतो. मनगटावरचं घड्याळ उपग्रहांकडून थोड्या थोड्या वेळाने आपली जागा विचारून घेतं आणि ते ठिपके सरळ रेषेने जोडतं. घाटाच्या वळणावर ही रेष रस्ता सोडून आतून जाते. एका बाजूला उभा कातळ असला की सिग्नल त्यावर आपटून येतात आणि आणखी गोंधळ होतो. त्यामुळे घाटात घड्याळाचे किलोमीटर आणि रस्त्याचे किलोमीटर यांचं जमत नाही. मी पाण्याची गाडी घड्याळातल्या आठव्या किलोमीटरवर उभी करायला सांगितली होती. ड्रायव्हरने ती आपल्या मीटरवरच्या आठव्या किलोमीटरवर लावली. आमच्यातले दोघं पाणी पुढे असेल म्हणून घसा कोरडा घेऊन पळत राहिले आणि गाडी त्यांच्या मागे, एका वळणाआड उभी. आता मी दगडाचा, देवळाचा, वडाच्या झाडाचा पत्ता देतो.

हे सगळं आमच्या मांड्यांवर निभावलं. गावांमधून जे केलं त्याचा ताप मात्र दुसऱ्यांना झाला.

मेणवली वाईपासून ३ किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागे कृष्णेवरचा घाट, घाटावर देवळं. 'स्वदेस' सिनेमा इथे चित्रित झाला, त्यामुळे आमच्या मंडळींना तिथे जायचंच होतं. मी कागदावर लिहिलं होतं: मेणवली घाट, पायऱ्यांचा सराव, पाच फेऱ्या. पायऱ्या चांगल्या रुंद, दगडी, वर जाताना पोटऱ्यांना नेमका हवा तसा ताण देणाऱ्या. घाटाकडे पाहून मला एवढंच सुचलं होतं.

सकाळचे सात वाजले असतील. खालच्या पायऱ्यांवर तीन-चार बायका धुणं धूत होत्या. धुतलेले कपडे पिळून वरच्या पायरीवर ठेवलेले. आम्ही दहा-बारा जण बूट घालून धडाधडा खाली, पुन्हा वर. बुटांना शेतातल्या पायवाटेचा चिखल. दुसऱ्या फेरीत माझाच पाय एका साडीच्या पिळ्यावर पडला. एक म्हातारी उभी राहिली आणि म्हणाली, "आरं बाबा, धुणं तुडवतूस व्हय?" मी "सॉरी आजी" म्हणालो आणि पळत वर गेलो. थांबलो नाही, कारण घड्याळ चालू होतं. तिसऱ्या फेरीला खाली आलो तेव्हा तिने सगळे पिळे उचलून बादलीत भरले होते आणि ती बादली कडेवर घेऊन एका बाजूला उभी होती, आमचं आटपायची वाट बघत. तरी मी उरलेल्या फेऱ्या पुऱ्या केल्या. आज हे लिहिताना सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. साडीवर पाय पडणं हा अपघात म्हणता येईल. त्यानंतरच्या तीन फेऱ्या अपघात नव्हत्या.

फेऱ्या झाल्यावर मी मंडळींना घाटावरच्या घंटेपाशी नेलं आणि इतिहास सांगायला लागलो. ही घंटा पेशव्यांनी खास ओतवून घेतली वगैरे. कुठून आलं हे माझ्या डोक्यात, देव जाणे. शाळेच्या गणवेशातला एक पोरगा सायकल टेकवून ऐकत होता. तो म्हणाला, "काका, ती वसईची हाय. तिच्यावर बाई बघा की, पोर घेतलेली." बघितलं. खरोखरच घंटेच्या अंगावर येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्यानंतर तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखात ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या, त्यांतली ही एक. मी लहानपणापासून ही घंटा वाजवत आलो होतो आणि तिच्यावर काय आहे हे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. पोराने पुढे विचारलं, "तुमी कशाची तयारी करताय? पोलीस भरती?" आमच्यातल्या पन्नाशीच्या गृहस्थांना हा प्रश्न इतका आवडला की ते अजून सांगतात.

असाच एक इतिहास मी लेखी करून ठेवला होता. मार्गाच्या कागदावर मी ढोल्या गणपतीचं देऊळ नाना फडणवीसांच्या नावावर जमा केलं होतं. मेणवली नानांची, मग वाईही त्यांचीच असणार, असं काहीसं. कागद मामाच्या हाती लागला. मामाने चष्मा वर केला. "हे कुणी सांगितलं तुला?" मग त्याने मला पाटावर बसवून शिकवावं तसं शिकवलं. देऊळ बांधलं गणपतराव भिकाजी रास्ते यांनी, १७६२ साली. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच रास्त्यांच्या घरातल्या. आणि देवळाची मागची बाजू कधी पाहिलीस का? पाहिली होती, पण तिकडे क्रिकेट खेळण्यापुरती. ती भिंत माशाच्या आकाराची, निमुळती बांधलेली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी येऊन त्या टोकावर फुटावं आणि दोन्ही अंगांनी निघून जावं, थेट भिंतीवर आदळू नये, म्हणून.

मामा हे सांगत होता तेव्हा जुलै सरत आला होता आणि माझ्या खिशात पुढच्या रविवारचा मार्ग तयार होता. नदीच्या एका काठाने धोमच्या दिशेला जायचं, एका ठेंगण्या फरशी पुलावरून पलीकडे व्हायचं आणि दुसऱ्या काठाने परत. पुराचा विचार करून ज्यांनी देवळाच्या भिंतीला आकार दिला त्यांची गोष्ट मी हूं हूं म्हणत ऐकली, आणि तो मार्ग तसाच ठेवला.

पाहणी मी मे महिन्यात केली होती. तेव्हा फरशीखालून नदी वाहत नव्हती, साचली होती. म्हशी बसल्या होत्या. फोनच्या नकाशात पूल म्हणजे पूल, मग तो हमरस्त्यावरचा असो की गुडघाभर उंचीचा. आणि त्या आठवड्यात वाईत पाऊस असा नव्हताच, भुरभुर येऊन जात होती. माझी खात्री पटायला तेवढं पुरलं. खरं तर या खोऱ्यातली साधी गोष्ट ही, की वाईतल्या पावसावरून नदीचा अंदाज बांधायचाच नाही. वाई पर्जन्यछायेत आहे. नदी येते महाबळेश्वरावरून, जिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तिकडे झोडपून काढलं की धोम धरण भरतं, धरणातून पाणी सोडतात, आणि खाली कोरड्या उन्हात उभ्या असलेल्या माणसासमोर नदी फुगते. वाईतल्या कुठल्याही शाळकरी मुलाला हे माहीत असतं.

पहाटे पावणेसहाला फरशीपाशी पोचलो. अजून अंधार, डोक्याला बॅटऱ्या. फरशीवरून पाणी वाहत होतं. बॅटरीच्या उजेडात खालचा काँक्रीटचा पृष्ठभाग दिसत होता आणि वाहत्या पाण्याखालचं काही दिसलं की ते पाणी उथळ वाटतं. कुणीतरी म्हणालं, "घोट्याएवढं आहे." मी म्हणालो, "चला, मी पुढे होतो." नेतृत्व करायची ही हौस माझी जुनी आहे.

सात-आठ पावलं गेलो असेन. पाणी घोट्यावरून पोटरीवर आलं. खाली शेवाळ होतं. डोंगरवाटेसाठी घेतलेले महागाचे बूट, तळाला रबरी दाते, मातीत पकड घट्ट. ओल्या शेवाळावर त्या दात्यांचा काडीचा उपयोग नसतो. डावा पाय निसटला, गुडघा फरशीवर आपटला आणि पाणी कमरेला लागलं. बसलेल्या माणसावर पाण्याचा रेटा किती वाढतो ते तेव्हा कळलं. उभं असताना ते पायांच्या मधून जातं, बसलं की आख्ख्या अंगाला ढकलतं. पुलाच्या कडेला हाताएवढे सिमेंटचे खुंट होते, त्यातला एक हाती लागला. तो नसता तर काय, हे मी पुष्कळ रात्री मनात पाहून घेतलं आहे.

मागून मोटरसायकलचा दिवा पडला आणि कुणीतरी ओरडलं, "ओ पावणं! मागं फिरा! पानी वाढतंय!" दूधवाला होता. गाडीला दोन्ही बाजूंना कॅन. मी खुंट धरून, बसल्या बसल्याच सरकत मागे आलो. माझ्या पाठोपाठ दोघं फरशीवर उतरले होते, ते आधीच मागे फिरले होते. दूधवाल्याने गाडी बंदसुद्धा केली नाही. म्हणाला, "मगाशी भोंगा झाला न्हवं का? ऐकला न्हाई?"

ऐकला होता. धरणातून पाणी सोडायच्या आधी काठच्या लोकांना सावध करायला भोंगा वाजवतात. वाईतून निघताना तो मी स्पष्ट ऐकला होता आणि नगरपालिकेचा असेल म्हणून सोडून दिला होता.

त्यानंतर मी जे केलं तेही सांगायला हवं. मी उठून कपडे झटकले आणि सगळ्यांना म्हणालो, "मार्ग बदलू या, आल्या वाटेने परत." जणू काही हा माझा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. घरी मामीने गुडघा पाहिला तेव्हा तिला घाटाची पायरी चुकली असं सांगितलं. मामाने काही विचारलं नाही, पण दुपारी जेवताना त्याने पेपर माझ्या पुढ्यात सरकवला. धोममधून किती क्युसेक पाणी सोडणार, नदीकाठच्यांनी पात्रात उतरू नये, अशी चौकट पहिल्या पानावर होती. पेपर पहाटेच आला होता. परत पुण्याला जाताना गाडीत सहज गप्पा निघाल्या आणि माझ्यामागून फरशीवर उतरलेल्या दोघांपैकी एकाला पोहता येत नाही हे मला कळलं. ताम्हिणी घाट, लोणावळा, कुठला ढाबा चांगला, असं बोलणं चालू होतं. मी खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत गप्प होतो.

मे महिन्यात पाहिलेला कुठलाही रस्ता आता पावसाळ्यात मी नव्याने पाहतो. ओढ्यांवरचे साकव, फरश्या यांची वेगळी वही केली आहे. जून ते सप्टेंबर त्या वहीतल्या कुठल्याही जागेवरून आमचा मार्ग जात नाही, मग घोट्याएवढंही पाणी नसो. काहींना हे अति वाटतं.

बावधनचा प्रसंग त्यामानाने हसण्यावारी नेता येतो, निदान आम्हाला. मार्चमधला रविवार, १८ किलोमीटरचा मार्ग, बावधनवरून. सकाळी रस्त्यावर बैलं दिसायला लागली. आधी वाटलं बाजार असेल. मग बैलं वाढत गेली, शिंगांना रंग, अंगावर झुली, माणसं गुलालाने माखलेली, आणि एका वळणानंतर पुढे रस्ता असा राहिलाच नाही, नुसती माणसं. त्या दिवशी रंगपंचमी होती. बावधनच्या भैरवनाथाचं बगाड निघालं होतं. कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून गावापर्यंत शेतांमधून बैलांच्या जोरावर तो भलामोठा लाकडी गाडा ओढत नेतात, वरच्या आडव्या लाकडाला नवस फेडणारा बगाड्या. त्या वर्षी बगाड्या कोण, हे देवापुढे कौल लावून ठरतं. बैल थकले की शेताशेतात दुसरे जुंपायचे. पंचक्रोशीतली झाडून सगळी माणसं तिथे असतात, आणि त्यांच्यात आम्ही, अंगाला घट्ट बसणारे निळे-पिवळे कपडे, कमरेला पाण्याच्या छोट्या बाटल्या.

कुठल्याही शहाण्या माणसाने तिथे थांबून बगाड पाहिलं असतं. मी लयीत होतो. मी एका फेटेवाल्या गृहस्थांना म्हणालो, "जरा वाट देता का?" त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "वाट? आज वाट नाथाची हाय." मग जरा हसून, "का हो, मागं बैल लागलाय का तुमच्या?" आमच्यातल्या निम्म्या लोकांनी तिथेच घड्याळं बंद केली आणि 'चांगभलं'च्या गजरात मिसळून गेले. त्यांना एका घरातून ताक मिळालं, दुसऱ्या घरातून पुरणपोळी. मी चार किलोमीटरचा वळसा घालून मार्ग 'पूर्ण' केला आणि परत येऊन उपाशी बसलो. मामा म्हणाला, "अरे, पंचांग आहे ना घरात. निदान मला विचारायचंस." भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर ते टांगलेलं होतं.

मेंढरांचं थोडक्यात सांगतो. दिवाळीनंतर धनगरांचे कळप कोकणाच्या वाटेला लागतात आणि पहाटेच्या अंधारात रस्त्याने भेटतात. कळपाबरोबरची कुत्री डोक्यावर दिवा लावून धावत येणाऱ्या प्राण्याला लांडगाच समजत असावीत. पहिल्यांदा गाठ पडली तेव्हा मी वेग वाढवला. ते कुणी करू नये. धनगर लांबून ओरडत होता, "पळू नगा, चाला!" मी त्याचा अर्थ उलटा लावला, की कुत्रं येतंय म्हणून तो मला चालतं व्हायला सांगतोय. पोटरीवर दातांच्या खुणा आणि सरकारी दवाखान्यात इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स. दिवा बंद करायचा, चालायचं, कळपाला आणि कुत्र्याला बाजू द्यायची, कुत्र्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. धनगराशी दोन शब्द बोलले की तो स्वतःच कुत्र्याला हाक मारतो.

उसाच्या हंगामात ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि भरलेला ऊस दोन्ही अंगांनी बाहेर लोंबतो. समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून उजव्या कडेने पळायचं, हा नियम सरळ रस्त्यावर बरोबर आहे. घाटातल्या उजव्या वळणावर तोच नियम पाळला की आपण कातळाला चिकटून, समोरच्याला दिसणार नाही अशा जागी असतो. तिथे थोडं आधीच, रस्ता पाहून, बाहेरच्या कडेला जायचं आणि वळण संपल्यावर परत यायचं. हे मला एका ड्रायव्हरने ट्रॉली थांबवून, खाली उतरून, जी भाषा वापरायची ती वापरून समजावलं. बरोबर बायामाणसं होती, नाहीतर अजून समजावलं असतं.

लिंबच्या बाबतीत मात्र मी अजून पुरता सुधारलेलो नाही. सातारच्या अलीकडे लिंब आणि गोवे, मध्ये कृष्णा, काठाला कोटेश्वर. त्या बाजूच्या गावरस्त्यांवरून मी २२ किलोमीटरचा एक फार सुरेख वळसा बसवला होता. चढ-उतार कमी, सावली भरपूर, आणि बरोबर मध्यावर लिंबची बारा मोटांची विहीर. कागदावर लिहिलं: विहीर, दोन मिनिटं.

ही विहीर १७१९ ते १७२४ या काळात, शाहू महाराजांच्या कारकिर्दीत वीरूबाई भोसले यांनी बांधवून घेतली. ११० फूट खोल, ५० फूट व्यास. वरून पाहिली तर जमिनीला पडलेलं भोक. पायऱ्या उतरून दारातून आत गेलं की मधोमध महाल, कोरीव खांब, भिंतीवर वाघ आणि शरभ, आणि वर थारोळी, जिथून एका वेळी बारा मोटा चालत. माझी मंडळी आत गेली ती गेलीच. दोन मिनिटं झाली, दहा झाली. मी वर कट्ट्यावर उभा राहून हाका मारत होतो आणि हाका विहिरीत फिरून माझ्याकडेच येत होत्या. आमच्यातला एक बांधकामाच्या धंद्यातला. तो दगडांच्या सांध्यांवरून हात फिरवत होता. शिक्षिका बाई शिलालेख लावायचा प्रयत्न करत होत्या. अर्ध्या तासाने सगळे वर आले तेव्हा अंग गार पडलेलं, फेब्रुवारीतला सकाळचा वारा. उरलेल्या ११ किलोमीटरांत तिघांच्या पोटऱ्यांत गोळे आले. मी चिडलो. मी म्हणालो, दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं.

बाई रस्त्याच्या कडेला पोटरी चोळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग इथून नेलंसच कशाला? हायवेने न्यायचं."

मला उत्तर सुचलं नाही. खरं उत्तर होतं ते देता येण्यासारखं नव्हतं. मार्गाचं वर्णन लिहिताना विहीर, वाडा, घाट अशी नावं आली की तो मार्ग भारदस्त दिसतो. दुसऱ्या गटातले लोक विचारतात, हा मार्ग कुणी काढला? नानांचा घाट, रास्त्यांचं देऊळ, वीरूबाईंची विहीर, या सगळ्यांखाली शेवटी माझं नाव.

आता लिंबचा मार्ग विहिरीपाशी संपतो. पळणं आटपलं की बूट काढायचे, कपडे बदलायचे, चपला घालायच्या, मामीने दिलेल्या दशम्या खायच्या आणि मग ज्याला जितका वेळ हवा तितका आत घालवायचा. पण शेवट तिथे आणायचा तर वळसा तोडावा लागला, आणि २२ किलोमीटरचा मार्ग १७ चा झाला. सगळे खूश आहेत. बाईंनी शिलालेखाचा फोटो घेऊन तो कुणाकडून तरी वाचूनही आणला. मीच तेवढा अधूनमधून नकाशा उघडतो आणि गोव्याच्या बाजूने पाच किलोमीटर कुठे चिकटवता येतात का ते पाहत बसतो. १७ हा आकडा सांगायला फारच किरकोळ वाटतो.